दिनाच्या नावेचे पाईप

२९ मे १९८८, रविवार. गावी.
धुळ्याहून पहिल्या एस.टी.च्या टपावर पाईप टाकून आणले. १६० मि.मी.चे दोन, ६३ चा एक, ४० चे तीन. दोर माझा मीच बांधला, कंडक्टरच्या गाठीवर भरवसा नाही. दिना फाट्यावर गाडी जुंपून उभा. पाईप बघून म्हणतो, "भाऊ, तू नाव बनाडी ऱ्हायना का पान्यानी टाकी?"
धाकटा आहे. बोलू देतो.
नाव पत्र्याची, रुंदीला कमी. धरण झालं तेव्हापासून आपलं अर्धं शेत पाण्यापलीकडे. दिना रोज चाऱ्याला जातो. भारा एका अंगाला सरकला की नाव कलते. दोन्ही बाजूंना १६० चे बंद पाईप बांधले तर कलणार नाही. कलली तरी बुडणार नाही. हिशेब बरोबर आहे, तीनदा केला.

३० मे, सोमवार.
धुळ्याचं पाईपांचं दुकान बंद ठेवून गावीच राहिलो. पाईपांची तोंडं बंद केली. कानस, मग पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. चिकटवायचं सोल्युशन दोन्हीकडे पातळ, टोपी पाव वळसा देऊन बसवायची आणि दाबून धरायची. लोक इथेच घाई करतात. एका टोपीत सायकलचा व्हॉल्व बसवला. पंपाने हवा भरून हौदात बुडवला. बुडबुडा नाही. माय ओट्यावरून बघत होती. "पोऱ्यानी नाव शे का नवरी?"
दिनाला सोल्युशनच्या डब्याला हात लावू दिला नाही. तो म्हणे, "एक दिन तू मालेबी सोल्युशन लाईसन चिटकाडी देशी."

१२ जून, रविवार.
वल्ह्यांचे दांडे ४० च्या पाईपचे, आत बांबू ठोकलेला. वल्हं टेकायच्या खोबणी केल्या. पऱ्हाटीच्या जाळावर पाईप शेकला, मऊ झाला की लाकडी ठोकळ्यावर दाबला, ओल्या गोणपाटाने गार केला. पहिला जळाला. दुसरा थोडा वाकडा, टाकून दिला. तिसरा ठेवला, त्याच्या जोडीला चौथा. दिना म्हणाला दुसरा काय वाईट होता. वाकडा होता.
पाणी अजून फार नाही, गुडघ्याएवढ्यात नाव लोटून पाहिली. एका काठावर दोघं भाऊ उभे राहिलो. नाव चार बोटं कलली आणि थांबली. दिना उड्या मारायला लागला. तरी नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मला तेवढं पुरे.

२६ जून, रविवार.
पाऊस बरा. नावेतलं पाणी उपसायला ६३ चा हातपंप केला. आत चामड्याचा वायसर, एरंडेलात भिजवलेला. खाली झडपेला ट्यूबचं रबर. एका ओढीत अर्धी बादली. पंप अडकवायला काठावर पाईपचीच कडी.
दिना जेवताना म्हणाला, पलीकडचं शेत विकून सुरतेला जावं. लताही, त्याची बायको, माणसांत राहील. मी म्हटलं, एवढी नाव सजवली ती काय सुरतेच्या रस्त्यावर चालवणार? हसला. लता आतून भाकरी वाढत होती, पदर पुढे. तिने हसू दाबलेलं ऐकू आलं.
बाहेर निघताना परत म्हणाला, "मी खरं सांगी ऱ्हायनू, भाऊ." मी पंपाची झडप बघत होतो.

२६ जुलै, मंगळवार. धुळे.
दूधवाल्या टेम्पोच्या ड्रायव्हरने दुकानात निरोप दिला. दिना काल दुपारी चाऱ्याला गेला तो आला नाही. नाव मिळाली.

२७ जुलै. गावी.
नाव पलीकडच्या बाभळींत अडकलेली होती. सरळ. सुपडू भिल्लाने पाहिली, धरणात जाळी टाकतो तो. मी काल पोचल्यावर त्याच्याबरोबर गेलो. नावेत विळा, दोर, दीड भारा गवत. पावसाचं पाणी घोट्याएवढं. पंप कडीत. दोन्ही वल्ही खोबणींत. पाईपांचे दोन्ही तरंगे घट्ट. हवा तशीच, व्हॉल्व दाबून पाहिला.
सगळं जागच्या जागी आहे.

२८ जुलै.
पोलीस आले. पंचनामा. बेपत्ता म्हणून नोंद. जमादाराने पाईपांना बूट लावून विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, मी. "भारी काम आहे."
माय कोणाला रडू देत नाही. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून आल्या, तिने ओट्यावरूनच परत पाठवल्या. "कसाले उन्यात तुम्ही? मना पोऱ्या पव्हनारा शे. त्याले काय व्हस?"

३१ जुलै, रविवार.
रोज नाव घेऊन फिरतो. सुपडू वल्हवतो, मी गळ ओढतो. गळ मी केला. ४० चे पाईप एकात एक, खाली लोखंडी आकडे. जोड शेकून केलेले, शेतात करतो तसे. शेतात जोड मातीत गाडलेला असतो, दाबून धरलेला. इथे ओढ लागली की निघतो. पहिल्या दिवशी दोन तुकडे तळाला गेले. मग प्रत्येक जोडातून खिळा आरपार घातला.
आकड्याला बाभळीच्या फांद्या लागतात, जुनी कुंपणं लागतात. दर वेळी ओढ बसली की सुपडू वल्ही थांबवतो. दर वेळी फांदी.
आज तो म्हणाला, "भाऊ, नाव बुडाले नको म्हनीसन तुम्ही बठ्ठं करं. मानूस बुडाले नको, त्यानं काय?"
वाईट हेतूने नाही म्हणाला. तो असाच बोलतो.

१ ऑगस्ट.
दिना पोहायचा म्हणून माणसासाठी काही केलं नाही. मी त्याला कमरेला बांधायला काही केलं असतं तर त्याने ते फेकून दिलं असतं. हसला असता.
फेकून द्यायला तरी...

४ ऑगस्ट, गुरुवार.
गावचा एक जण सुरतेला कापडाच्या मागावर कामाला आहे, सुट्टीवर आला. म्हणतो, तिथे उधन्याला पाठमोरा दिनासारखा माणूस पाहिला. कधी? नक्की सांगता येत नाही. पावसाळा लागल्यावर. अंगात कसला सदरा? लक्ष नाही. मी आणखी विचारत होतो, माय म्हणाली, पुरे, देखा म्हणजे देखा. तिने देवापुढे साखर ठेवली.
लता आतल्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

८ ऑगस्ट, सोमवार. सुरत.
तो सांगतो त्या गल्लीत, त्या चहावाल्याकडे, तीन कारखान्यांत. खान्देशातली माणसं ढीगभर. सगळे पाठमोरे दिनासारखे दिसतात. एकाच्या खांद्याला हात लावला. तो वळला आणि माझ्याकडे बघून त्यालाच वाईट वाटलं. "कोन गया तुमना, बाबा?"
मी म्हटलं, भाऊ. जगतोय की नाही हे त्याने विचारलं नाही.

१४ ऑगस्ट, रविवार. गावी.
भाऊबंद बसले. नाना मोठे, आमच्या वडिलांचे, आबांचे चुलतभाऊ. त्यांनी सरळ विषय काढला. पुढल्या रविवारी कानबाई, घरात देवी बसवायची. घरात सुतक असेल तर कानबाई बसवायची नाही. बसवली तर सुतक नाही. म्हणजे दिना आहे. मग नंतर कोणी येऊन क्रियाकर्माचं बोलायचं नाही, निदान वर्षभर.
"घरमा सुतक शे का नही, ते पयले सांगा," नाना माझ्याकडे बघून.
देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करतात, तेही निघालं. पानं कोण आणणार तेसुद्धा एकाने ठरवून टाकलं. मी म्हटलं, अजून पाणी शोधून झालेलं नाही. वरच्या अंगाला अर्धं धरण बाकी आहे.
लताचा भाऊ आला होता. खाली मान घालून बसला. शेवटी म्हणाला, "आमना बहिननं काय ते आमले समजू द्या. ती सव्वीस वर्सनी शे." चहा आला.
ठरलं काहीच नाही. नाना म्हणाले मायला विचारा.

१७ ऑगस्ट. नागपंचमी.
गळाचा दोर बदलला. पाणी भिंतीच्या वरच्या खुणेला टेकलंय. गढूळ. हात बुडवला तर मनगट दिसत नाही.

२० ऑगस्ट, शनिवार.
आज ठरलं. कोणी ठरवलं नाही.
सुशी (बायको) आणि लता रोटाचे, कानबाईच्या नैवेद्याचे गहू घेऊन बसल्या. घरातल्या दर हयात पुरुषामागे सव्वा मूठ, मायच्या हाताने. दर वर्षी ती नाव घेत घेत टाकते. मी दारात होतो, नाना ओट्यावर. मायने माझं नाव घेतलं, सव्वा मूठ टाकली. मग हात थांबला नाही. "दिनकर." मूठ. वर पाव मूठ. मग माझ्या अनिलची.
नाना उठून उभे राहिले. सुशीने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होतो, धान्य निवडून वेगळं काढणार होतो? एकाच सुपात गहू. लताने सूप उचललं आणि जात्याकडे नेलं. ती एकटीच दळत बसली. ओवी नाही. जात्याची घरघर.
पीठ झालं. आता त्यात दिना किती आणि मी किती कोण सांगेल?

२१ ऑगस्ट, रविवार.
कानबाई बसली. बाया नाचल्या. गंगाफळाची भाजी, खीर, रोट. लताने हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मायने भरायला लावल्या असतील. विचारलं नाही.

२२ ऑगस्ट, सोमवार.
विसर्जन. कानबाई डोक्यावर घेऊन बाया त्याच पाण्यात उतरल्या. दुसरं पाणी कुठून आणणार? लता कमरेपर्यंत गेली, बाकीच्या काठाशीच थांबल्या. सुशीने हाक मारली. आली मागे. पाण्याकडे पाठ न करता आली.

२६ ऑगस्ट, शुक्रवार. गावी.
रोट पुनवेच्या आत संपवायचा, घराबाहेर द्यायचा नाही. आम्ही वाटून खातो. सुशी सांगत होती, माय दिनाचा वाटा काढून फडक्यात ठेवते आणि सकाळी तो कमी झालेला असतो. उंदीर असेल म्हटलं. सुशी म्हणाली, "उंदीर कसाले? लता खास." लता खाते. मायला दिसू नये म्हणून थोडा थोडा. उरला तर माय काय करील म्हणून.


९ ऑक्टोबर, रविवार.
पितृपाट्यात, म्हणजे पितृपक्षात, आबांचं पान वाढलं. दुसरं नाही. नाना जेवायला आले नाहीत.
दुकानात कामं साचलीत. दोन जणांनी पाइपलाइन दुसऱ्याकडून करून घेतली. एकाचा जोड गळतोय, मला बोलावलं. गेलो नाही.

६ नोव्हेंबर, रविवार.
पाऊस जाऊन महिना झाला, पाणी निवळायला लागलं. आता गळ नको, बघायला पाहिजे. पाण्याच्या वरून बघितलं तर आभाळ दिसतं. म्हणून नळी. खालच्या तोंडाला काच, ते तोंड पाण्यात, डोळा वरच्या तोंडाला.
पहिली नळी १६० ची केली, आपल्या हिशेबाने उत्तम. पाण्यात घालायला गेलो तर जाईना. दोघं लोंबकळलो तरी वर. सुपडू हसून हसून नावेत बसला. मीटरभर हवा पाण्याखाली दाबायची तर वीस किलो जोर लागतो. ह्याच पाईपने नाव तरंगती ठेवली तेव्हा हाच हिशेब मी केला होता. आता उलटा करायचं सुचलं नाही.

२० नोव्हेंबर, रविवार.
दुसरी नळी ११० ची. खाली लोखंडी कडं, नऊ किलोचं. आतून काळा रंग, म्हणजे बाजूचा उजेड चमकत नाही. काचेला सोल्युशन धरत नाही, दोन रंगांची चिकटवायची पुटी मळून लावली, वरून ट्यूबचा पट्टा. काठाशी दोन पुरुष खोलवर स्वच्छ दिसलं. शिंपले. एक मासा काचेशी येऊन थांबला. जुनी बैलगाडीची चाकोरीसुद्धा दिसली, आपल्याच शेताची वाट. दगड ओळखले.
मधल्या भागात नाही दिसत. हिरवं, मग काळं.

४ डिसेंबर, रविवार.
सुशी आणि लता काठावर जेवण घेऊन आल्या. जेवण झाल्यावर सुशी म्हणाली, लताला नळीतून बघायचंय. मी म्हटलं कशाला. सुशी म्हणाली, "ती सांगी ऱ्हायनी, मी नही."
नावेत बसवलं. तरंगे आहेत, भीती नाही. सुपडूने वाटेवर नेलं. ती पालथी पडून डोळा लावून राहिली. पदर पाण्यात. किती वेळ. मी विचारलं, काय दिसतं? जेठाशी, थोरल्या दिराशी, ती आजवर बोललेली नाही, विचारायचं ते सुशीमार्फत.
डोळा न काढता म्हणाली, "वाट शे." मग उठून बसली, पदर डोक्यावर ओढला आणि माझ्याकडे बघून, माझ्याकडेच: "भाऊ, तुम्ही मापमा चुकतस नही. तुम्ही सांगा. ते शेतस का नहीत?"
सुपडूने वल्ही पाण्याबाहेर धरली.
मी म्हटलं, आत्ता सांगता येत नाही. पाणी उतरू दे. कालव्याला पाणी सोडतात, वैशाखात तळ दिसेल. तेव्हा जे असेल ते सांगीन.
"वैशाखमा?"
वैशाखात.
"तवपावत मी थांबस. मंग माले सांगज्यात. काहीबी ऱ्हायनं तरी सांगज्यात."
आपण शब्द दिला. वही समोर आहे, लिहून ठेवतो.

१४ जानेवारी १९८९, शनिवार. संक्रांत.
सुशीने सांगितलं ते. शेजारी हळदीकुंकू. लताला बोलवावं की नाही म्हणून आधी कुजबूज, मग मायच्या भीतीने बोलावलं. हळद लावली. कुंकवाचं बोट घेऊन शेजारीण थांबली. कपाळापासून वितीवर बोट. सगळ्या बायका तिळगूळ खायच्या थांबल्या. लताने तिच्या हातातला करंडा घेतला, आपलं आपण लावलं, करंडा पुढच्या बाईला दिला. वाण घेऊन घरी आली. मग न्हाणीत बसून राहिली.
माय म्हणाली, बरं करं.
मला माहीत नाही बरं केलं का.

१९ फेब्रुवारी, रविवार.
कालव्याचं पाणी सुटलं. काठ एक हात उघडा पडला. ओल्या मातीची रेघ. काठावर खुंटी ठोकली, पाणी कुठवर होतं ते कळायला.
लताचा भाऊ परत आला. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणीला माहेरी न्यायला येईन म्हणाला. त्यात नवं काही नाही, सासरी दिलेल्या पोरी आखाजीला माहेरी जातातच. पण तो "न्यायला येईन" म्हणाला आणि "पोचवायला येईन" म्हणाला नाही. मायनेही ते ऐकलं.

२६ मार्च, रविवार.
आपली बुडालेली बांधाची भिंत वर आली. त्यावर बगळे. दर रविवारी खुंटी पुढे नेतो. चिखलात उतरून सुपडू आणि मी काठीने चाचपत जातो. म्हशीची हाडं. एक घागरीचा काठ. एक चप्पल सापडली, पोराची, जुनी.
दर वेळी खाली वाकताना वाटतं असावं. हात लावताना वाटतं नसावं.

१६ एप्रिल, रविवार.
बाभळी पूर्ण उघड्या. जिथे नाव अडकली होती ती फांदी आता माझ्या डोक्यावर दोन पुरुष. तिच्याखाली भेगाळलेली जमीन. सगळीकडे बघितलं, वाकून, भेगांतसुद्धा. काही नाही. गळाचे हरवलेले दोन तुकडेही नाहीत, गाळात गेले.
सुपडू सावलीला बसून म्हणाला, "आते फक्त डोह ऱ्हायना." धरणाच्या भिंतीजवळचा. मी म्हटलं, तोही आटेल. पंधरा दिवस.

३० एप्रिल, रविवार.
डोह आटत नाही.
आठवड्यात खुंटी तिथेच. मला वाटलं कालवा बंद केला. भिंतीवर गेलो. गेटवरचा चौकीदार बिडी पीत बसलेला. म्हटलं, पाणी का सोडत नाही? म्हणाला, गेट उघडंच आहे. येतच नाही तर काय सोडू? गेटच्या उंबऱ्याखालचं पाणी तसंच राहतं, बाबा. मृतसाठा म्हणतात त्याला. "दर सालले ऱ्हास. कव्हयच आटत नही."
किती खोल?
"कोन गया देखाले."

मी घरोघरी टाक्या बसवतो. पाणी काढायची तोटी तळाला कधीच लावत नाही. चार बोटं वर. गाळ येऊ नये म्हणून, खालचं पाणी खालीच राहावं म्हणून. लोकांना समजावून सांगतो. धरणाची तोटीही तशीच असणार हे मला कळायला नको? शब्द देताना कळायला नको?

१ मे, सोमवार.
सुपडूने डोहात जाळी ओढली, दोनदा. मासे. नळी घातली तर काचेला चिखलाचं पाणी, काळोख. काठीला तळ लागत नाही, मऊ गाळ लागतो आणि काठी जातच राहते.
सुपडू म्हणाला, पुरे भाऊ. मी म्हटलं पलीकडून एकदा. त्याने ओढली.

३ मे, बुधवार.
लताला सांगितलं. मायसमोर, सुशीसमोर. सांगितलं की तळ सगळा बघितला, डोह सोडून. डोह आटत नाही. डोहात काय आहे ते मला सांगता येत नाही. वैशाखात दिसेल म्हटलं होतं ते माझं चुकलं.
लताने विचारलं, "तुम्ही देखं ना, भाऊ?" म्हटलं हो. "बठ्ठं?" हो.
"मंग ठीक."
ठीक म्हणजे काय ते मी विचारलं नाही. माय म्हणाली, नही मियना म्हणजे शे. तो सुरतमा शे. लताने मायच्या पायावर डोकं ठेवलं आणि चुलीकडे गेली.

६ मे, शनिवार.
तिचा भाऊ आला, बैलगाडी घेऊन. परवा आखाजी. लताने एकच गाठोडं घेतलं. पेटी ठेवली. सुशीने विचारलं, पेटी कसाले ठेवी? तर म्हणाली, जड व्हस.
जाताना माझ्या पाया पडली. मी आशीर्वादाला काय म्हणायचं? अखंड सौभाग्यवती हो म्हणतात. डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. ती थांबली होती, ऐकायला. मग उठली.

७ मे, रविवार.
उद्या आखाजी. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची, वर डांगर (खरबूज) ठेवायचं. आमच्याकडे आबांची एक भरते. नाना सकाळीच येऊन ओट्यावर बसले. म्हणाले, औंदा मना एकच सवाल शे. मायने त्यांना पाणी दिलं आणि मला सांगितलं, बाजारमा जाय, घागर लय. किती ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सायकल काढली तेव्हा दोघं माझ्याकडे बघत होती.
कुंभाराने रस्त्याच्या कडेला मांडल्या होत्या. मी एकेक उचलून बोटाने वाजवून बघत होतो. काहींचा आवाज फुटका. आबांसाठी एक काढली, बाजूला ठेवली.
त्याने विचारलं, "कितल्या देऊ, भाऊ?"
मागे बायांची गर्दी. मी दुसरी उचलली. वाजवली. खणखणीत. काठ गोल, तळ सारखा, कुठे खोट नाही. हातात धरून उभा राहिलो. कुंभार पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला, परत माझ्याकडे बघितलं. म्हणाला, सावकाश ठरवा.
दोन वाजले असतील. अजून बाजारातच आहे, चहाच्या टपरीवर बसून हे लिहितो. पहिली पिशवीत आहे. दुसरी त्याच्याकडेच ठेवून आलोय, बाजूला काढून, कोणाला देऊ नको म्हणून सांगून. बाजार उठायला अवकाश आहे.